विश्लेषण : हिंदी-कन्नडला ‘बुकर’पर्यंत नेणारे ‘ना-नफा’ प्रकाशक कोण? मराठीसाठी हा मार्ग किती खुला?

गीतांजली श्री यांच्या ‘रेत समाधी’ या हिंदी कादंबरीच्या इंग्रजी अनुवादाला २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळाले. मे २०२५ मध्ये कन्नड लेखिका बानू मुश्ताक यांच्या ‘हार्ट लॅम्प’ या कथासंग्रहाने तेच पारितोषिक पटकावले. दोन्ही वेळी लेखिका आणि अनुवादिकेची भरपूर चर्चा झाली. पण ही दोन्ही पुस्तके ब्रिटनमध्ये ज्यांनी छापली, त्या संस्था नफ्यासाठी चालत नाहीत, याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. या संस्था चालतात कशा आणि मराठीचा त्यांच्याशी संबंध काय, हे समजून घेऊ.

ही दोन पुस्तके कोणी छापली?

‘रेत समाधी’चा डेझी रॉकवेल यांनी केलेला अनुवाद ‘टूम ऑफ सँड’ या नावाने ‘टिल्टेड अ‍ॅक्सिस प्रेस’ने प्रकाशित केला. हान कांग यांच्या ‘द व्हेजिटेरियन’च्या अनुवादक डेबोरा स्मिथ यांनी २०१५ मध्ये ही संस्था सुरू केली. इंग्रजीत सहसा न पोहोचणारे, विशेषतः आशियाई भाषांतील साहित्य आणणे हा तिचा उद्देश.

‘हार्ट लॅम्प’ प्रकाशित केले शेफील्डच्या ‘अँड अदर स्टोरीज’ने. संस्थापक स्टीफन टोबलर हे स्वतः अनुवादक आहेत. मुश्ताक यांच्या सहा संग्रहांतून १२ कथा दीपा भास्ती यांनी निवडल्या आणि अनुवादित केल्या. हे पारितोषिक मिळवणारा हा पहिलाच कथासंग्रह. ५० हजार पौंडांची रक्कम नियमानुसार लेखिका आणि अनुवादिका यांच्यात समान वाटली गेली.

‘ना-नफा’ म्हणजे पुस्तके फुकट का?

नाही. पुस्तक विकलेच जाते, लेखक-अनुवादकांना पैसेही मिळतात. फरक एवढाच, की उरलेला पैसा भागधारकांच्या खिशात जात नाही, पुढच्या पुस्तकांसाठी वापरला जातो. ‘अँड अदर स्टोरीज’ ही ब्रिटनमधील ‘कम्युनिटी इंटरेस्ट कंपनी’ आहे. अशा कंपनीची मालमत्ता समाजहिताच्या कामासाठीच राखून ठेवावी लागते. अमेरिकेत अशा संस्थांना देणगी देणाऱ्याला करसवलत मिळते. ब्रुकलिनची ‘आर्किपेलागो बुक्स’, रॉचेस्टर विद्यापीठातील ‘ओपन लेटर’, डॅलसची ‘डीप व्हेलम’ या तिथल्या अशाच संस्था.

मोठे प्रकाशक हे काम का करत नाहीत?

करतात, पण जपून. अनुवादित पुस्तकाला खर्च जास्त आणि विक्रीची खात्री कमी. मूळ लेखकाकडून हक्क घ्यायचे, अनुवादकाला मानधन द्यायचे आणि मग संपादन, छपाई, वितरण. त्यात लंडन-न्यूयॉर्कच्या संपादकाला कन्नड किंवा मराठी वाचता येत नसते. पुस्तक चांगले आहे की नाही, हे दुसऱ्याच्या शब्दावर ठरवावे लागते. लेखक तिथे अनोळखी, प्रसिद्धीसाठी तो हजर राहील याचीही शाश्वती नाही.

परिणाम असा, की अमेरिकेत दरवर्षी निघणाऱ्या पुस्तकांत अनुवादांचा वाटा जेमतेम तीन टक्के असल्याचे वर्षानुवर्षे सांगितले जाते. ‘ओपन लेटर’च्या उपक्रमाचे नावच त्यावरून ‘थ्री पर्सेंट’ असे पडले.

मग पैसा येतो कुठून?

मुख्यतः चार वाटांनी : विक्री, सरकारी वा संस्थात्मक अनुदान, देणग्या आणि वर्गणी. ‘अँड अदर स्टोरीज’चे वर्गणीदार आगाऊ पैसे भरतात, नवी पुस्तके त्यांना घरपोच मिळतात आणि पुस्तकाच्या शेवटी त्यांची नावे छापली जातात. पुस्तक बाजारात येण्याआधीच काही रक्कम हाती येत असल्याने जोखीम कमी होते. इंग्लंडची आर्ट्स कौन्सिल अनुदान देते. ‘इंग्लिश पेन’ ही संस्था अनुवादाच्या खर्चाला हातभार लावते, ‘हार्ट लॅम्प’लाही ती मदत मिळाली होती.

नफ्याचे बंधन नसल्याने वेगळे निर्णयही घेता येतात. २०१८ हे वर्ष फक्त स्त्रियांची पुस्तके छापण्याचे वर्ष करावे, असे आवाहन लेखिका कमिला शम्सी यांनी केले होते. ते ‘अँड अदर स्टोरीज’ने प्रत्यक्षात आणले.

हे मॉडेल टिकाऊ आहे का?

पूर्णपणे नाही. मे २०२५ मध्ये, म्हणजे ‘हार्ट लॅम्प’ जिंकले त्याच महिन्यात, अमेरिकेच्या ‘नॅशनल एन्डॉवमेंट फॉर द आर्ट्स’ने अनेक ना-नफा साहित्य प्रकाशकांची मंजूर अनुदाने रद्द केली. त्याआधी मार्च २०२४ मध्ये शेकडो छोट्या प्रकाशकांची पुस्तके दुकानांपर्यंत पोहोचवणारी ‘स्मॉल प्रेस डिस्ट्रिब्युशन’ ही कॅलिफोर्नियातील जुनी ना-नफा वितरण संस्था अचानक बंद पडली. प्रकाशकांचे येणे अडकले, गोदामातील पुस्तके परत मिळवण्यासाठी धावाधाव झाली.

मोठा पुरस्कारही छोट्या संस्थेची परीक्षाच घेतो. एकदम हजारो प्रती छापायच्या तर पैसा लगेच लागतो, विक्रीची रक्कम मात्र उशिरा येते. शिवाय न विकलेल्या प्रती परत करण्याची मुभा तिथल्या दुकानांना असते.

यात मराठी कुठे आहे?

यातील एक नियम मराठीसाठी महत्त्वाचा आहे. आंतरराष्ट्रीय बुकरसाठी इंग्रजी अनुवाद ब्रिटन किंवा आयर्लंडमध्ये प्रकाशित झालेला असावा लागतो. म्हणजे अनुवाद कितीही उत्तम असला आणि तो फक्त भारतात छापलेला असेल, तर तो स्पर्धेतच नसतो. तिथल्या एखाद्या प्रकाशकाने पुस्तक उचलणे ही पहिली पायरी आहे. हिंदी आणि कन्नडसाठी ती ना-नफा संस्थांनी उघडली.

मराठी पुस्तके या वाटेने अगदीच गेलेली नाहीत. सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’चा जेरी पिंटो यांनी केलेला अनुवाद अमेरिकेत ‘द न्यू प्रेस’ या ना-नफा संस्थेने काढला. पण अशी उदाहरणे मोजकी. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले, त्याचा पिंटो यांनी केलेला इंग्रजी अनुवाद वाचकांच्या हाती पडला २०१५ मध्ये. मधे ३७ वर्षे गेली.

गंमत म्हणजे ‘बलुतं’ छापले होते ‘ग्रंथाली’ने, म्हणजे सभासद वाचकांच्या बळावर उभ्या राहिलेल्या वाचक चळवळीने. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ही तिथलेच. बाजाराला न सुचलेली पुस्तके वाचकांच्या आधारावर काढण्याचा प्रयोग महाराष्ट्राला नवा नाही.

पुढे काय करता येईल?

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. साहित्य अकादमी आणि नॅशनल बुक ट्रस्ट भारतीय भाषांमधील अनुवादाचे काम अनेक दशके करत आहेत. पण परदेशी प्रकाशकाला निर्णय घेण्यासाठी आधी हवा असतो चांगला नमुना अनुवाद, म्हणजे २०-३० पाने, लेखकाची ओळख आणि हक्क कोणाकडे आहेत याची स्पष्ट माहिती. आज हे काम बहुतेकदा अनुवादक स्वतःच्या वेळात, विनामोबदला करतात. अभिजात दर्जानंतर येणाऱ्या निधीतील थोडा भाग या नमुना अनुवादांच्या मानधनासाठी ठेवला, तरी मराठी पुस्तके अशा प्रकाशकांच्या टेबलावर पोहोचू शकतील.