नाण्यांवरील झिजलेले सन : उद्धार कीं नाश ?

नाण्यावरील राजाचें नांव वर्षानुवर्षें तेंच राहतें, टांकसाळहि बहुधा बदलत नाहीं. कालनिर्णयाचा भार एकट्या सनावर पडतो. आणि नेमका तोच आंकडा हातोहातीं घांसून नाहींसा झालेला असतो. अशा वेळीं धातूवर औषधें लावून सन ‘उठवून’ घेण्याकडे संग्राहकांचा ओढा असतो. हा उपाय कसा चालतो, तो कोठें लागू पडतो आणि त्याची किंमत काय द्यावी लागते, याचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या उपायाचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेंतील आहे. तेथील पांच सेंटांचें ‘बफेलो’ नाणें १९१३ पासून १९३८ पर्यंत निघत होतें. जेम्स अर्ल फ्रेझर या शिल्पकारानें त्याच्या एका बाजूस तेथील आदिवासी पुरुषाचें मुख व दुसऱ्या बाजूस बायसन कोरला. सनाचे आंकडे पुरुषाच्या खांद्यावर, म्हणजे उंचवट्याच्या जागीं घातल्यामुळें ते फार लवकर झिजत. मागील बाजूस ‘पांच सेंट’ हीं अक्षरेंहि प्रथम उंचवट्यावरच होतीं. तो दोष ओळखून पहिल्याच वर्षीं तीं सखल जागीं नेण्यांत आलीं. सनाची जागा मात्र तशीच राहिली. परिणामीं या जातीचीं असंख्य नाणीं आज बिनसनी आढळतात.

या नाण्याच्या धातूंत ७५ टक्के तांबें व २५ टक्के निकल असतें. सनाच्या जागीं फेरिक क्लोराइडाच्या द्रवाचा थेंब ठेवला असतां कांहीं मिनिटांत गेलेले आंकडे दिसूं लागतात. तांब्याच्या पत्र्यावर ठसे कोरणाऱ्या कारागिरांस हा द्रव परिचित आहे. आंकडे पुन्हां दिसण्याचें कारण असें : ठसा कोऱ्या चकतीवर दाबला जातो तेव्हां दाबाचा परिणाम केवळ पृष्ठभागावर राहत नाहीं. आंकड्यांच्या जागचा धातु आंतपर्यंत निराळ्या प्रमाणांत दबतो व ताणला जातो. वरचा उंचवटा झिजून सपाट झाला तरी खालची ही घडण शिल्लक असते. दबलेला व न दबलेला धातु अम्ल सारख्या वेगानें खात नाहीं. त्या फरकामुळें आंकड्याची आकृति उमटते. बंदुकीवरील घांसून टाकलेला क्रमांक वाचण्यासाठीं गुन्हेतपासांत योजिली जाणारी रीत याच तत्त्वावर उभी आहे.

परंतु येथें जें दिसतें तें धातु खाऊन दिसतें, हें विसरतां कामा नये. औषध लावलेली जागा खडबडीत व विवर्ण होते. पुढें आंकडे पुन्हां अंधुक झाले कीं पुन्हां औषध लावावें लागतें, आणि प्रत्येक खेपेस मूळ साक्ष कमी होत जाते. बाजारांतहि असें नाणें सदोषच मानतात. शिवाय १९१७ च्या आंकड्यावर १९१८ उमटवलेलें डेन्व्हर टांकसाळीचें दुर्मिळ नाणें या मालिकेंत असल्यामुळें, खाल्लेल्या धातूंतील अंधुक रेषेंत हवा तो आंकडा पाहण्याचा मोह मोठा असतो.

चांदीस हा उपाय लागू पडत नाहीं. फेरिक क्लोराइडानें चांदीवर तिच्याच क्लोराइडाचा न विरघळणारा थर बसतो. अमेरिकेच्या पाव डॉलराचें चांदीचें ‘उभी स्वातंत्र्यदेवता’ हें नाणें १९१६ ते १९३० या काळांत निघालें. त्याचाहि सन झिजे, म्हणून १९२५ त सनाची जागा सखल केली. यांतील १९१६ चीं नाणीं अवघीं ५२,००० पडलीं. तरी सन पुसलेलें १९१६ चें नाणें देवतेच्या केसांच्या व वस्त्राच्या घडणीवरून १९१७ च्या नाण्यांपासून वेगळें ओळखतां येतें. येथें औषधाचें काम निरीक्षणानें होतें, व नाण्यास ओरखडाहि पडत नाहीं.

आमच्या संग्रहांतील रुपयांस हेंच तत्त्व अधिक लागू आहे. हातानें पाडलेल्या रुपयांत ठसा चकतीपेक्षां मोठा असे. त्यामुळें पुष्कळदां सन झिजलेला नसून मुळांत चकतीवर उतरलेलाच नसतो. तेथें कोणतेंहि औषध व्यर्थ होय. मात्र मोगली धर्तीच्या रुपयावर एका बाजूस हिजरी सन व दुसऱ्या बाजूस जुलुसी सन असल्यामुळें एकावरून दुसरा काढतां येतो. दुसरा शाहअलम हिजरी ११७३ त तख्तावर बसला. तेव्हां त्याचा ६ वा जुलूस हिजरी ११७८ व ११७९ यांत विभागून पडतो.

या गणितासहि मर्यादा आहे. इंग्रज कंपनीनें जुलुसी सन गोठवून ठेवले : मुर्शिदाबादच्या नांवाच्या रुपयावर १९, फर्रुखाबादच्या नांवाच्या रुपयावर ४५, सुरतेच्या नांवाच्या रुपयावर ४६. १९ वा जुलूस गणितानें हिजरी ११९१-९२ येतो. प्रत्यक्षांत १२०२ व १२०४ हे हिजरी सन आणि १९ हा जुलूस एकाच रुपयावर आढळतात. हिजरी सन पुसलेल्या अशा रुपयास कोणी ११९१ चा ठरवील तर तो दहा-बारा वर्षांनीं चुकेल, व त्यावर उभारलेला चलनाचा इतिहासहि चुकेल. म्हणून अक्षरवळण, खुणा, आणि कडेवरील रेघा असल्यास त्या तिरप्या आहेत कीं उभ्या, हें सर्व पाहूनच निर्णय करावा.

पोथ्यांच्या संग्राहकांस यांतील धोका निराळा सांगणें नको. कार्डिनल आंजेलो माइ यानें व्हॅटिकनच्या ग्रंथालयांत खरडून पुन्हां लिहिलेल्या चर्मपत्राखालीं सिसेरोचा राज्यविषयक ग्रंथ शोधून १८२२ त प्रसिद्ध केला. पुसट अक्षरें उठविण्यासाठीं तो मायफळाचा अर्क वापरी. ग्रंथ हातीं आले. पण असा अर्क लावलेलीं पृष्ठें पुढें काळवंडलीं. डेव्हिड ब्रूस्टर यानें १८३२ च्या आपल्या ग्रंथांत, नाणें तापलेल्या लोखंडावर ठेवून अंधारांत त्यावरील लेख वाचण्याची रीत वर्णिली आहे; तीहि नाण्याच्या पृष्ठभागावर असाच घाला घालते.

तेव्हां आमचें सांगणें असें. प्रथम नाणें अंधाऱ्या खोलींत तिरप्या प्रकाशांत चोहोंकडून फिरवून पाहावें. निरनिराळ्या दिशांनीं उजेड टाकून घेतलेलीं छायाचित्रें संगणकावर एकत्र करून पडद्यावर उजेड हवा तसा फिरविण्याची युक्ति टॉम माल्झबेंडर यानें २००१ त मांडली. ती सांपडेल तेथें अवश्य वापरावी. वजन, व्यास व ठसा यांची तुलना सन स्पष्ट असलेल्या नाण्यांशीं करावी. ज्या जातीचीं नाणीं विपुल आहेत व ज्यांस सनावांचून कांहींच मोल नाहीं, त्यांवर कोणी औषध लावलें तर फारशी हानि नाहीं. परंतु तेंहि टिपणांत नमूद असावें. एकाकी नाण्यास औषध कधींहि लावूं नये. अनुमानानें भरलेला आंकडा पोथीच्या संपादनाप्रमाणें कंसांतच छापावा. कंसांतील चूक पुढील संशोधकास दुरुस्त करतां येते. अम्लानें खाल्लेला धातु कोणासहि परत आणतां येत नाहीं.