उपग्रहाच्या तराजूचा पासंग

खेडच्या बाजारात तुम्ही तराजू पाहिलाच असेल. दोन्ही पारडी रिकामी असतानाही एक पारडे खाली झुकले, तर त्या तराजूत पासंग आहे असे म्हणतात. (तराजू आणि पासंग हे दोन्ही शब्द तुम्ही उर्दूतही वाचता.) पृथ्वीभोवती फिरणाऱ्या उपग्रहातील यंत्रातही असाच दोष येतो. तो काढायचा कसा? तेथे दुरुस्तीला सहसा कोणी जाऊ शकत नाही.

प्रथम ते यंत्र समजून घेऊ. पावसाळ्यात जगबुडी नदी दुथडी भरून वाहते, तेव्हा खेडवर दिवसेंदिवस ढग असतात. उपग्रहातील साध्या कॅमेऱ्याला फक्त ढगांचा वरचा भाग दिसतो. परंतु प्रत्येक वस्तू, मग ती थंड असो वा गरम, अतिशय क्षीण असे सूक्ष्मतरंग बाहेर टाकत असते. ते बऱ्याच अंशी ढगांतून पार होतात. त्यांची मोजणी करणाऱ्या यंत्राला रेडिओमीटर म्हणतात. त्यावरून समुद्रावरील बाष्प, ढगांतील पाणी व पाऊस यांचा अंदाज करता येतो. भारताचे असे पहिले यंत्र ७ जून १९७९ रोजी ‘भास्कर-१’ उपग्रहाबरोबर अवकाशात गेले. त्याचे नाव ‘समीर’. पुढे मे १९९९ मध्ये ‘ओशनसॅट-१’वरही असे यंत्र पाठवण्यात आले.

आता गंमत पाहा. हे यंत्र तापमान सांगत नाही, नुसता आकडा देते. शिवाय त्याचे भाग उन्हात तापतात, सावलीत गार होतात, जुने होतात. त्यामुळे आकडाही बदलतो. म्हणून त्याला पुन्हा पुन्हा दोन ठाऊक असलेल्या गोष्टी दाखवाव्या लागतात. पहिली गोष्ट म्हणजे रिकामे आकाश. त्याचे तापमान सुमारे ३ केल्विन, म्हणजे शून्याखाली २७० अंश सेल्सिअस असते. हे आपले रिकामे पारडे! दुसरी गोष्ट म्हणजे यंत्रातच बसवलेला एक काळा ठोकळा. त्याचे तापमान त्याला जोडलेले तापमापक सांगतात. हे आपले शिक्का मारलेले वजन.

समजा, आकाश पाहताना आकडा ५०० आला आणि ३०० केल्विनचा ठोकळा पाहताना ३४७० आला. २९७ अंशांमागे २९७० चा फरक, म्हणजे एका अंशाला १०. मग समुद्र पाहताना १९७० आला, तर? ५०० वजा करा, १० ने भागा, ३ मिळवा. उत्तर १५० केल्विन. समुद्राचे पाणी काही इतके थंड नसते. पाणी सूक्ष्मतरंग कमीच सोडते, म्हणून ते यंत्राला थंड भासते. त्या थंड पार्श्वभूमीवर पावसाचे ढग गरम दिसतात आणि उठून दिसतात. येथे दोन-चार अंशांची चूक झाली, तर पावसाचा अंदाजही चुकतो.

या कामात अडचणी फार. कधी ठोकळ्याच्या एका बाजूवर ऊन पडते आणि तापमापक एक सांगतो, पृष्ठभाग दुसरेच असतो. कधी ‘रिकाम्या’ आकाशात नेमका चंद्र येतो! अशा वेळची मापे शास्त्रज्ञ शोधून दुरुस्त करतात किंवा टाकून देतात. निरनिराळ्या देशांच्या उपग्रहांची मापे एकमेकांशी ताडूनही पाहतात. फेब्रुवारी २०१४ मध्ये जपानमधून सोडलेल्या ‘जीपीएम’ उपग्रहाचे यंत्र त्यासाठी प्रमाण मानले गेले.

एवढे करूनही खेडचा पाऊस याला नीट मोजता येत नाही. याचा एकेक ठिपका कित्येक किलोमीटर रुंद असतो, आणि किनाऱ्याजवळ त्यात जमीन व समुद्र एकत्र येतात. खेडसाठी जमिनीवरचे पर्जन्यमापकच पाहावे लागते.