‘प्री-अप्रूव्ह्ड’ म्हणजे मंजूर नव्हे

‘अभिनंदन! आपल्या नावावर ८ लाखांचे कार लोन प्री-अप्रूव्ह्ड झाले आहे. १५ मिनिटांत रक्कम खात्यात!’ असे संदेश आता घरोघरच्या मोबाइलवर येतात. अम्मीला दवाखान्यात न्यायला दर वेळी रिक्षा शोधावी लागत असेल, तर असा संदेश आला की नशीब उघडल्यासारखे वाटते. म्हणूनच त्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे.

आपला पगार ज्या बँकेत जमा होतो किंवा जिथले जुने हप्ते आपण वेळेवर फेडले, ती बँक त्या नोंदींवरून अंदाज बांधते की या माणसाला अमुक रकमेपर्यंत कर्ज देता येईल. पूर्वमंजुरी म्हणजे एवढा अंदाजच. अर्ज केल्यावर पगारपत्रक, आधीची कर्जे, सिबिल स्कोअर हे सारे पुन्हा तपासले जाते. रक्कम घटू शकते, दर वाढू शकतो, नकारही मिळू शकतो. आणि जिच्याशी आपला कधी व्यवहारच झाला नाही, तिने आपल्याला कशावरून निवडले? अशी ऑफर खोटीच असते असे नाही. पण तिथे दुप्पट सावध राहावे.

खरे-खोटे ओळखण्याचा सोपा मार्ग असा. संदेशातील लिंकवर बोट ठेवू नये. बँकेचे अ‍ॅप स्वतः उघडावे किंवा शाखेत जाऊन विचारावे. ऑफर खरी असेल तर तिथे दिसेल. आणखी एक खूण लक्षात ठेवावी : नव्या गाडीच्या कर्जाची रक्कम बहुधा थेट शोरूमला जाते आणि आरसी बुकावर बँकेचा बोजा चढतो. गाडी कोणती हेही न विचारता कोणी रोख पैसे देऊ करत असेल, तर तिथेच थांबावे.

‘आधी फाइल चार्ज भरा, मग कर्ज सुटेल’ असे म्हणत कोणी खासगी यूपीआयवर पैसे मागितले, तर ती फसवणूकच समजावी. बँकाही प्रक्रिया शुल्क घेतात, पण ते कागदावर लिहिलेले असते आणि कोणा माणसाच्या खात्यावर जात नाही. रिझर्व्ह बँकेच्या शिक्क्याचे मंजुरीपत्र दाखवले तरी भुलू नये. रिझर्व्ह बँक कोणाला कार लोन देत नाही.

ऑफर खरी निघाली, तरी ती फायद्याची असेलच असे नाही. व्याज द्यावे की नाही, हा ज्याच्या त्याच्या ईमानाचा सवाल आहे. पण हिशेब मात्र सर्वांना कळायला हवा. आम्ही वर्गात शिकवतो तेच गणित घ्या. ५ लाख रुपये, ५ वर्षे, ८ टक्के. दर ‘फ्लॅट’ असेल तर व्याज २ लाख. तोच दर घटत्या शिलकीवर असेल तर सुमारे १ लाख ८ हजार. म्हणजे ८ टक्के फ्लॅट हा प्रत्यक्षात १४ टक्क्यांच्या आसपासचा दर झाला! संदेशात मोठ्या अक्षरांत फक्त ‘८’ दिसतो.

यावर उपाय आपल्या हातात आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या किरकोळ कर्जासोबत ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणे बंधनकारक आहे, तेही कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत. सर्व शुल्क धरून पडणारा वार्षिक दर त्यात लिहिलेला असतो. जे शुल्क त्यात नाही, ते आपल्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. सात दिवस किंवा अधिक मुदतीच्या कर्जात त्या अटी किमान तीन कामकाजाचे दिवस कायम ठेवाव्या लागतात. म्हणून ‘ऑफर आज रात्रीपर्यंतच’ असे कोणी म्हटले तरी घाई करू नये. तो कागद घरी आणावा, सर्वांनी मिळून वाचावा, मगच सही करावी.

आणि पैसे गेलेच, तर लाजेपोटी गप्प बसू नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि आपल्या बँकेलाही कळवावे. जितका उशीर, तितकी पैसे परत मिळण्याची आशा कमी.