उलटं प्रश्नचिन्ह आणि अमरावती-अकोल्याची पाटी

अक्षरांची घडण : लेखांक ७

स्पॅनिशमध्ये प्रश्न संपतो तिथे प्रश्नचिन्ह येतंच, पण प्रश्न सुरू होतो तिथेही एक येतं, उलटं केलेलं. स्पेनच्या भाषा अकादमीने १७५४ साली आपल्या शुद्धलेखनाच्या ग्रंथात ते सुचवलं. लांब वाक्य मोठ्याने वाचणाऱ्याला हा प्रश्न आहे हे शेवटी कळलं, तर तोवर त्याचा सूर चुकलेला असतो. म्हणून इशारा आधीच.

फॉन्ट घडवणाऱ्यापुढे मात्र वेगळा पेच उभा राहतो. सरळ प्रश्नचिन्ह आधाररेषेवर उभं असतं. उलटं चिन्ह तसंच रेषेवर उभं केलं, तर लहान रोमन अक्षरांच्या ओळीत ते उगाच वर डोकावतं. म्हणून ते खाली सरकवतात : त्याचा टिंब लहान अक्षरांच्या माथ्याशी येतो आणि बाक रेषेखाली लोंबतो. आता तेच वाक्य सगळं मोठ्या लिपीत लिहा. खाली सरकवलेलं चिन्ह त्या उंच अक्षरांपुढे खड्ड्यात पडल्यासारखं दिसतं. चांगल्या फॉन्टमध्ये यासाठी त्याची दुसरी, वर उचललेली प्रत असते. जागा चिन्हाची नसते, शेजारच्या अक्षरांची असते. आणि उघडणाऱ्या चिन्हाचा शेजारी तर अजून यायचा असतो.

मराठीत उलटी चिन्हं नाहीत, पण पेच तोच आहे आणि तो जास्त अवघड आहे. रिद्धपूरच्या परिसरात घडलेल्या महानुभाव वाङ्मयाच्या जुन्या पोथ्यांत आजची विरामचिन्हं नाहीत. थांबायची खूण म्हणजे दंड. दंड आपल्या लिपीच्याच घरचा, कान्यासारखा उभा, त्यामुळे त्याच्या उंचीचा प्रश्न फारसा येत नाही. स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, अवतरणचिन्ह ही मंडळी एकोणिसाव्या शतकात इंग्रजीतून आली. मेजर थॉमस कँडी यांचं नाव त्या संदर्भात घेतात. चिन्हं आली ती रोमन अक्षरांची मापं घेऊन.

रोमन अक्षरं खालच्या रेषेवर उभी असतात, आपली शिरोरेषेला लटकलेली असतात. अमरावती-अकोला ही पाटीच घ्या. हाताने रंगवणारा पेंटर मधली आडवी रेघ अक्षरांच्या पोटाच्या मधोमध ओढतो. त्याला कोणी शिकवावं लागत नाही. संगणकावर तीच पाटी केली की रेघ अनेकदा खाली उतरते, कारण ती लहान रोमन अक्षरांच्या निम्म्या उंचीवर बसवलेली असते आणि आपली शिरोरेषा त्यांच्या माथ्यापेक्षा बरीच वर असते.

अपूर्णविरामाने तर जास्तच घोटाळा केला आहे. लग्नपत्रिकेत ‘स्थळ’ आणि ‘वेळ’ यांच्यापुढचे दोन टिंब पाहा. कित्येकदा तिथे विसर्ग टाइप केलेला असतो. याचा सगळा दोष टाइप करणाऱ्याला देणं मला योग्य वाटत नाही. शिरोरेषा सलग जुळावी म्हणून देवनागरी अक्षराच्या उजव्या बाजूला मोकळी जागा जवळजवळ ठेवलेलीच नसते. त्यामुळे रोमनसाठी बेतलेला अपूर्णविराम थेट अक्षराला चिकटतो आणि विसर्गासारखा दिसतो. तो सुटा दिसावा म्हणून आपण आधी एक मोकळी जागा सोडतो, मग ओळ तुटली की ते दोन टिंब एकटेच पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन बसतात. चिन्हाच्या डाव्या अंगालाच पुरेशी जागा दिली, तर हे सगळं टळतं.

वरच्या बाजूचं दुखणं वेगळं. ‘गर्दी!’, ‘बर्फी?’ लिहून पाहा. शेवटच्या वेलांटीच्या कान्यावर रफार चढतो, त्याचा बाक उजवीकडे झुकतो आणि प्रश्नचिन्हाचा बाकही नेमका त्याच उंचीवर असतो. ठळक अक्षरांत दोघे एकमेकांना भिडतात. इथे चिन्ह खाली आणून भागत नाही. या ठराविक जोड्यांपुरतं ते थोडं उजवीकडे सरकवावं लागतं.

मग देवनागरीसाठी वेगळं प्रश्नचिन्ह का करू नये? युनिकोडमध्ये दंडाला देवनागरीच्या विभागात स्वतःचा क्रमांक आहे, पण प्रश्नचिन्हाला नाही. इंग्रजी आणि मराठी यांचं प्रश्नचिन्ह एकाच क्रमांकाचं. तरी वाट आहे. एकाच फॉन्टमध्ये त्या क्रमांकाच्या दोन आकृत्या ठेवता येतात आणि शेजारी देवनागरी मजकूर असेल तर दुसरी वापर, असा नियम ओपनटाइप या फॉन्टच्या स्वरूपात लिहिता येतो. बंद करणारं चिन्ह मागचं अक्षर पाहून लिपी ठरवतं, ते सोपं. उघडणाऱ्या अवतरणचिन्हाच्या मागे इंग्रजी शब्द आणि पुढे मराठी असेल, तर मात्र संगणक ते सहसा इंग्रजीच्याच खात्यात टाकतो, आणि देवनागरीसाठी केलेली आकृती तिथे पोचत नाही. स्पॅनिशच्या उलट्या चिन्हाला पुढचं अक्षर पाहावं लागतं, तसंच आपल्या या चिन्हालाही लागतं.

अकोला, अमरावतीत पुस्तकं आणि पत्रिका जुळवणाऱ्यांनी नवा फॉन्ट घेण्याआधी सुट्या अक्षरांचा तक्ता पाहून समाधान मानू नये. आडव्या रेघेने जोडलेली दोन गावांची नावं, अपूर्णविरामासह ‘स्थळ’, रफारानंतरचं प्रश्नचिन्ह आणि इंग्रजी शब्दानंतर अवतरणात घातलेला मराठी शब्द, एवढं चार ओळींत छापून पाहावं. लहान आकारात आणि ठळक, दोन्ही.

पुढच्या आठवड्यात : मराठी आकडे आणि रुपयाचं चिन्ह.