मेदगोलकांतून कर्करोगावर औषध

अकोटच्या शेतकऱ्याला नॅनो युरियाची बाटली आता परिचयाची आहे. परंतु अंडाशयाच्या कर्करोगावरील एक औषध याच अतिसूक्ष्म परिमाणात अमेरिकेत १९९९ पासून रीतसर मंजूर आहे, ही हकीकत अनेकांच्या कानी आली नसावी.

हे औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन. ते कर्कपेशींचा संहार करते खरे, पण हृदयाच्या स्नायूंवरही आघात करते. म्हणून ते मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढ्या मेदगोलकांत, म्हणजे लायपोसोमांत, कोंडून वर पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे आवरण चढवतात, आणि मग रक्तातील भक्षक पेशींची नजर चुकवीत हे गोलक कित्येक दिवस अभिसरणात राहून गाठीतील सच्छिद्र रक्तवाहिन्यांतून आत झिरपतात. हृदयाला उपद्रव घटतो. तळहात-तळपायांची त्वचा मात्र सोलवटू शकते. रामबाण हे नव्हेच.

२०१२ साली अमेरिकेत या औषधाचा तुटवडा पडला, तेव्हा तिथल्या सरकारी खात्याने मुंबईच्या सन फार्माच्या ‘लिपोडॉक्स’ला तात्पुरत्या आयातीची परवानगी दिली आणि २०१३ मध्ये कंपनीच्या जेनेरिक औषधाला मंजुरीही दिली. आपल्याकडे याचे कौतुक कमीच झाले!

भगिनींनो, हा कर्करोग वेळीच कळावा म्हणून, पोट सतत फुगत असेल किंवा पाळी गेल्यावर रक्तस्राव झाला, तर कपाशीची वेचणी सरण्याची वाट न पाहता स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.