वाळवंटातील मातीचा किल्ला
इराणच्या आग्नेय भागातील केरमान प्रांतात, लूत वाळवंटाच्या कडेला ‘अर्ग-ए-बम’ हा किल्ला आहे. उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांची ही जगातील सर्वांत मोठी वास्तू मानली जाते. तिची पाळेमुळे इ. स. पूर्व सहाव्या ते चौथ्या शतकांतील हखामनी काळापर्यंत पोहोचतात. व्यापारी मार्गांच्या संगमावरील हे नगर सातव्या ते अकराव्या शतकांत रेशमी व सुती वस्त्रांमुळे भरभराटीस आले. ‘कनात’ या भूमिगत कालव्यांनी त्याची तहान भागवली.

येथे लाकूड दुर्मिळ, माती मात्र विपुल. त्यामुळे मातीचे थर व कच्च्या विटा रचून भिंती उभारल्या गेल्या, तुळयांऐवजी घुमट व कमानींनी छप्पर तोलले आणि वर भुसा कालवलेल्या मातीचा गिलावा दिला गेला. जाड भिंती दिवसाचा दाह आत येऊ देत नाहीत. तटाच्या आत बाजार, मशीद व घरे आणि खडकाळ उंचवट्यावर सुभेदाराचा वाडा, अशी रचना होती.

भार पेलणारी ही माती ताण मात्र सोसत नाही. २६ डिसेंबर २००३ च्या भूकंपात किल्ल्याचा बहुतांश भाग ढासळला. बम शहर व परिसरात २६ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. कच्च्या विटा कोसळताना त्यांचा भुगा होतो. ढिगाऱ्यात श्वासापुरतीही पोकळी उरत नाही.

२००४ मध्ये युनेस्कोने बमचा जागतिक वारसा यादीत आणि त्याच वेळी संकटग्रस्त वारशांतही समावेश केला. संवर्धनानंतर २०१३ मध्ये संकटग्रस्त यादीतून ते वगळण्यात आले. पुनर्बांधणीसाठीही मातीच निवडली गेली. तिचे मूळ रूप राखून तिला भूकंपाशी झुंजण्याचे बळ देणे, हीच संवर्धकांची खरी कसोटी आहे.