सह्याद्रीच्या पायथ्याशी घर घेताना

महाड, चिपळूण या पट्ट्यात घर घेणाऱ्याने आधी पूररेषा तपासावी. 25 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची रेषा निळी, 100 वर्षांतल्या पुराची लाल. ‘शंभर वर्षांतून एकदा’ म्हणजे आपल्या हयातीत नाही, असं मात्र समजू नका. दरवर्षी शक्यता एक टक्का. 30 वर्षं त्या घरात राहिलात तर ती जवळपास 26 टक्के होते. निळ्या रेषेवर हाच आकडा 70 च्या पुढे जातो. एवढा धोका पत्करून कुणी आयुष्याची पुंजी घालू नये, असं मला मनापासून वाटतं.

आपल्या गावातला पाऊस बघून भागत नाही, घाटमाथ्यावरचा बघावा लागतो. 22 जुलै 2021 च्या सुमारास महाबळेश्वरात 24 तासांत 500 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला आणि तिथे उगम पावणाऱ्या सावित्री नदीने महाड बुडवलं. चिपळुणात तर खाडीची भरती वाशिष्ठी नदीचं पाणी अडवून धरते.

उंचावर जागा घेतली तरी निर्धास्त होता येत नाही. त्याच पावसात महाड तालुक्यातलं तळिये दरडीखाली गेलं. घरामागचा डोंगर उभा कापला आहे का, जमिनीला ताज्या भेगा आहेत का, झाडं कलली आहेत का, हे स्वतः चढून पाहा. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा घ्या. नकाशात पऱ्या (ओढा) आहे आणि जागेवर सपाट प्लॉट दिसतोय, तर तो व्यवहार सोडून द्या. शेजारच्या दुकानदाराला विचारा, 2005 च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं आणि 2021 ला कुठवर. तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल.